पाणवठ्याकडचा थोरला जुनिपर

तारेच्या काट्यावर एक पीस फडफडत होतं – तपकिरी, टोकाला पांढरं, देठाशी रक्त वाळलेलं – ते काढायला माइतेचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला, कारण पलीकडे फाटकात डोमिंगोची गाडी आडवी उभी होती. दीर येणार हे तिला ठाऊकच होतं म्हणा... झाडं पाडणारी माणसं करवती घेऊन ताटकळत होती, आणि त्यांच्याजवळ कॉरिन, दर वसंतात पक्ष्यांच्या पाहणीला येणारी.

गेल्या वसंतात माळ रिकामाच राहिला. पहाटे छाती फुगवून नाचणारे ते रानटी सेजकोंबडे, बाटलीचं बूच निघावं तसा त्यांचा टप्पकन आवाज – लग्न होऊन आले तेव्हा मी घाबरून पेयोला उठवलं होतं, आणि तो किती हसला होता – तिथे नुसता वारा. कॉरिनने कारण सांगितलं: झाडं! सेजच्या बुटक्या झुडपांत जुनिपर माजले, त्यांच्या शेंड्यांवर ससाणे बसू लागले, कोंबड्या पिल्लं घेऊन पाण्याकडे फिरकेनाशा झाल्या. झाडं काढली तर परततील... कदाचित.

"वहिनी, बाकीची हवी तेवढी पाडा," डोमिंगो म्हणाला. "थोरल्याला हात लावायचा नाही. दादा मला त्याच्याच बुंध्याशी..."

बुंध्याला टेकून झोपल्यासारखा, पण गार पडलेला पेयो, आणि मेंढ्या भोवती चरताहेत – डोमिंगोनेच त्याला उचलून घरी आणलं होतं.

"कोणतं झाड कुणाचं, ते ससाण्याला कळतं का भाऊजी? सगळ्यांत उंच तोच आहे."

"कोंबड्यांपायी नवऱ्याची खूण पुसताय! दादा असता तर..."

"नाही म्हणाला असता."

हो, नाहीच म्हणाला असता. आणि मी गप्प बसले असते, खालचं रान पेटवून त्याने कुरण केलं तेव्हा बसले तशी, सेजचा तो कडवट धूर आठवडाभर उशीला येत होता तरी...

"मग रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ नका," डोमिंगो म्हणाला.

ते लांब टेबल, मेंढीचा रस्सा, पोरांचा गलका – सबंध आठवड्यात तेवढीच तर माणसांची बोलणी कानावर पडायची.

"बरं. नाही येत."

तिने कुंपणाची तार पायाखाली दाबून धरली आणि करवतवाल्यांना हाक मारली. "या इथून. फाटक काय करायचंय!"

"थोरला शेवटी घ्यायचा?" कॉरिनने हळूच विचारलं.

"आधी तोच."

करवत किंचाळली. झाड पडायला मात्र फार वेळ लागला नाही. आभाळ एकदम मोठं झालं, नको इतकं मोठं. डोमिंगोने टोपी काढली होती. त्याचे डोळे पाहून तिने मान वळवली. आता रडू येईल म्हणून ती थांबली – आलं नाही. पक्षी येतील? न का येईनात... पेयो, हे मी तुला न विचारता केलं, ती मनात म्हणाली, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबली नाही.