पाकिटातला निळा डोळा

ताईत-बिईत मी मानत नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर कोणी मला खिंडीत गाठायला नको. पण लेकीच्या हृदयाला भोक निघालं आणि सासूबाईंनी तिच्या दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत बांधला, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने तो सोडवला. "आत अंगावर काही चालत नाही." तिच्या ट्रेमध्ये डोकावले तर काय! कुणाचा लाल दोरा, कुणाचा चांदीचा पंजा, कुणाचा निळ्या काचेचा डोळा. कुठल्या कुठल्या आयांनी आपापली भीती तिथे काढून ठेवली होती. सिस्टर एकेक वस्तू कागदी पाकिटात घालत होती. मला कुठला धीर! समोरचं पाकीट उचललं आणि बाहेर येऊन येरझारा सुरू केल्या.

"अगं, बस ना जरा," लेकीचे बाबा म्हणाले.

"तुम्हीच बसा!"

शेवटी डॉक्टर आले. सगळं नीट पार पडलं होतं. मी मटकन बसले, भडाभडा रडले. मग लेकीला ताईत बांधायचा म्हणून पाकीट फाडलं. आत निळा डोळा!

मी मान वर केली. समोरच्या बाकावर एक बाई होती. तिचा मुलगा अजून आतच होता. सकाळी माझ्यामागोमाग तिनेही ट्रेमधलं पाकीट उचललं होतं; तिची भाषा मला येत नव्हती, नुसत्या माना हलवल्या होत्या. माझं पाकीट कपाळाला लावून ती काहीतरी पुटपुटत होती.

जाऊन बदलून घ्यावं, त्यात काय एवढं? उठले, आणि पाय अडले. पाकीट उघडलं की तिला कळणार, इतका वेळ आपण भलत्याच दोऱ्याला विनवत होतो. जीवच जाईल बाईचा. बरं, न सांगता निघून जावं, तर तिच्या पोरासाठी हा डोळा धरायचा कुणी? माझाच मला राग आला. न मानणाऱ्या बाईला असले प्रश्न पडतातच कशाला!

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. डोळा मुठीत गच्च आवळला. ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली आणि पुन्हा पुटपुटू लागली.

इतक्यात सिस्टर दार उघडून म्हणाली, "अहो, मुलगी जागी झाली. आई पाहिजे म्हणून रडतेय."

आतून तिचा आवाज येत होता. मी अर्धवट उठले, पुन्हा टेकले.

"तिच्या बाबांना बसवा जवळ," मी म्हटलं. "माझं अजून एक मूल आत आहे."