टाकीची सरासरी उंची

आमच्या नकाशा गटात टाक्या-मनोऱ्यांच्या उंचीवरून भांडण नवं नव्हतं. ऑनलाइन नकाशा सगळ्यांचा, ज्याने मोजलं त्याने भरायचं. फवारणीचे ड्रोन उडवणारे तोच पाहून संत्र्याच्या बागांवर जातात, म्हणून जानेवारीत आम्ही नियम ठरवला: पायथ्याच्या जमिनीपासून सर्वांत वरच्या पक्क्या टोकापर्यंत. विजेपासून वाचवणारी सळई धरायची, कोणी बांधलेला झेंडा नाही.

सरावासाठी चांदूर बाजारजवळच्या एका गावातली, गढीवरची पाण्याची टाकी निवडली. दर महिन्याला शिकाऊंची नवी तुकडी येऊन तीच टाकी लेझरने मोजायची. चौदा मीटर वीस सेंटिमीटर. मग एकवीस. मग चोवीस.

"तुमचा हात हलला असन, मॅडम," रोहित म्हणाला. अकोल्यात, जठारपेठेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि लेझर त्याचाच.

"हात हलला तर आकडा कमीही येईल की."

"मंग पोट्ट्यायचा हलला असन."

वाद मिटवायला आम्ही एकमताने सरासरी भरली. प्रस्ताव माझा होता. मी अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून कोणी विरोध केला नाही.

एप्रिलमध्ये सत्तावीस आले. तिथेच उभी राहून मी आकडे पहिल्यांदा तारखेच्या क्रमाने लिहिले. चुका दोन्ही बाजूंना पडतात. हे आकडे एकाच बाजूला चालले होते.

टाकीखाली अंगणवाडी भरली होती. खोलीची दुरुस्ती रखडल्यामुळे सेविका इंदूबाई दिवाळीपासून अकरा मुलांना इथेच बसवत होत्या.

"टाकी वाढून राहिली म्हनता?" त्या म्हणाल्या. "अन् माही लेकरं कमी होऊन राहिली."

रोहित हसला. इंदूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

"सुपरवायझर बाई म्हनते, तुमी आहार घरी नेता. पुढच्या महिन्यात बी असंच आलं तर काढून टाकतो म्हनते. मी काहून नेऊ? हे पाहा, दीक्षा. जानेवारीत शहाण्णव, आता एक्क्याण्णव. अंडं माह्या हातानं चारतो मी तिले."

मुलांची उंची इंदूबाई टाकीच्या खांबावर मोजत. सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली होती, साठपासून वर. त्याखालचं कुणाला लागत नाही. मी वाकून खाली पाहिलं. खांबाचा चुना जमिनीपर्यंत पोचत नव्हता. मध्ये कोऱ्या काँक्रीटचा पट्टा होता. मोजला. सात सेंटिमीटर.

खांब खोल मुरमात रोवलेले असतात. ते जागेवरच होते; खाली गेली होती ती जमीन.

रोहितने हळूच पाय आपटला. पायाचा आवाज आला, आणि क्षणभराने खालून दुसरा.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "गढीत पेवं असतात. ज्वारी साठवायचे खड्डे. आतल्या हवेत माणूस वाचत नाही."

मी इंदूबाईंना सांगितलं, मुलांना एकेक करून शाळेच्या ओसरीवर न्या, धावू देऊ नका. "चला, मांजरीसारखं चालाचं," त्या मुलांना म्हणाल्या. मुलांना गंमत वाटली. खांबाच्या बुडाशी उबदार, कुबट हवा लागत होती. तिला जुन्या दाण्यांचा वास होता.

शेवटी दीक्षा उरली. ती जमिनीला कान लावून पडली होती.

"दळून राहिले," ती म्हणाली.

मी तिला उचलून घेतलं आणि मागे न पाहता चालत आले.

ओसरीवर इंदूबाई बसल्या नाहीत. माझा टेप मागून घेऊन त्यांनी भिंतीशी एकेकाला उभं केलं. दीक्षा अठ्ठ्याण्णव. अकराही मुलं जानेवारीपेक्षा वाढलेली होती. रोहित तोवर सरपंचांना फोन करत होता, दोरखंड आणा, तिकडे कुणाला फिरकू देऊ नका.

प्रत्येक आकड्यापुढे मी सही केली आणि कशावर उभं करून मोजलं तेही लिहिलं: शाळेची फरशी.

इंदूबाईंनी ते वाचलं. मग चप्पल काढून, अनवाणी पायाने त्यांनी फरशी हळूहळू दाबून पाहिली.