आधी क्रियापद

आल्बर्ट लोपीसने वसईतल्या आपल्या बापाचं बोलणं सुधारलं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कारण या क्षणी तो आखातात, हूऱ्यातल्या एका हॉटेलात उशांच्या ट्रॉलीला टेकून वॉकीटॉकीवर बोलतो आहे आणि कुणाचंच काही सुधारलेलं नाही.

"बदल, चादर, तीनशे बारा."

हाउसकीपिंगचा कायदाच तो. बटणावरून बोट सुटलं की वाक्य मेलं. म्हणून काय करायचं ते आधी सांगायचं. कुणी, कशाचं, ते उरल्या श्वासात.

"ताहिरभाय, ग्रीकांनी पण हेच केलं."

लाँड्रीतला ताहिर मळक्या चादरी न्यायला आला होता. "कुठच्या हॉटेलात?"

"भाषेत, बाबा. चर्चमधले फादर शुक्रवारी बायबल शिकवतात ना. जुन्या ग्रीकमध्ये शब्द कुठेही बसायचे, पण क्रियापदाचा ओढा शेवटाकडे. मग शतकं गेली, ते सरकत सरकत पुढे आलं. बायबलच्या ग्रीकमध्ये तर पुष्कळदा पहिलंच उभं."

"रांगेत घुसलं म्हण की."

"आणि कोणी हटकलं नाय!"

आल्बर्टला झोप येईनाशी झाली. ग्रीकांना जमलं, तर पप्पांना का नाही? आईच्या मातीला त्याला लीव्ह मिळाली नव्हती. तेव्हापासून पप्पा रागावलेत की नाही, हे काही केल्या कळत नव्हतं. ते दर बुधवारी वाडीतून फोन करत, सावकाश बोलत, तो विषय निघे आणि क्रियापद यायच्या आत रेंज जाई.

"पप्पा, आधी क्रिया. 'गेलो बाजारात', असं."

"मी काय लिलाव पुकारतोय काय रे?"

"पप्पा, ग्रीक लोक..."

"त्यांच्या वाडीत केळी होती काय?"

"सर्टिफिकेट पण दे त्यांना," स्वयंपाकघरातून त्याची बायको नॅन्सी म्हणाली.

पण आल्बर्ट चिकट माणूस. ग्रीकांना शतकं लागली; पप्पांनी एका पावसाळ्यात उरकलं. एका बुधवारी संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलो. मी. बोंबील."

रेंज गेली, पण वाक्य पोचलं होतं. आल्बर्टने वॉकीटॉकीवर बातमी दिली, "जेवले, पप्पा, बोंबील", आणि सगळ्या मजल्यांवरून "ओके, कॉपी" आलं. ताहिरने लाँड्रीत चहा फिरवला. पुढचे बुधवार बहारीचे गेले. "पडलं. झाड. शेजाऱ्याचं." "आला. पाव. शिळा." फादरसुद्धा वर्गात म्हणाले की वसईचा हा पुरावा अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

मग एका बुधवारी पप्पांचा आवाज जरा जड आला, आणि मनातलं सांगताना माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो तसे ते जुन्या वळणावर गेले.

"आल्बर्ट, आईच्या मातीला तू आला नाहीस. पण त्यासाठी तुझ्यावर मी कधी..."

रेंज गेली.

सकाळी धाकट्या भावाचा, सॅव्हिओचा फोन. पप्पांनी त्यालाही कधी शिकवलं होतं कोण जाणे.

"गेले. पप्पा."

त्या दिवशी रेंज शेवटपर्यंत टिकली.

या वेळी लीव्ह लगेच मिळाली. विमानतळावर गेटपाशी बसून आल्बर्टने मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागाला मेल लिहिली:

'महोदय, वसईतल्या आपल्या टॉवरवर गेल्या बुधवारी संध्याकाळी अर्जदाराच्या वडिलांचे एक क्रियापद अडकून राहिले आहे. ते होकारार्थी असो वा नकारार्थी, असेल त्या स्थितीत अर्जदारास पोचते करावे, ही नम्र विनंती.'