खुर्चीवरून बसवलेला मॅनिफोल्ड

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि तोंड शाबूत राहिलं. यातलं काय राहायला हवं होतं याबद्दल त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण ती बिचारी ते कधी बोलली नाही. हात तसा जागच्या जागी होता. पण त्यात पाना धरला की पाना खाली आणि मिस्त्रींचा पारा वर. हळूहळू त्यांच्या गॅरेजकडे कुणी फिरकेना. येत्या रविवारी जावई टेम्पो घेऊन येणार होते आणि सगळी हत्यारं आपल्या गावच्या वर्कशॉपला नेणार होते. "नाहीतर ठेवून काय लोणचं घालायचंय त्यांचं?" असं मिस्त्री स्वतःच म्हणाले होते. त्यानंतर दोन दिवस ते जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

आणि शुक्रवारी सकाळी सावकाशचा ट्रक दारात उभा राहिला.

सावकाश हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुणीही फोन केला की "निघालोय, येतो सावकाश" म्हणायचा आणि दिलेला शब्द पाळायचा, म्हणून ते पडलं. ट्रक जुना, त्याच्याइतकाच निवांत. त्याच्या इंजिनातला नट न् नट मिस्त्रींनी कधी ना कधी उघडलेला होता. सावकाशने मागच्या विटांवरून एक जड खोकं ओढून काढलं आणि दारात ठेवलं.

"मिस्त्री, मॅनिफोल्ड तडकलाय. नवा आणलाय. बसवायचा."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सहा तोंडांतून निघणारा जळता धूर गोळा करून टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, सोडणारा बिडाचा जाड पाइप. दोन माणसांचं, चार चांगल्या हातांचं काम. मिस्त्रींनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"बसवू की. फुंकर मारून बसवू का?"

"तुम्ही खुर्चीत बसा आणि सांगा. पाना मी फिरवतो."

"म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकायच्या?"

"हाका की. शेळी तयार आहे," सावकाश म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

आतून बायकोने खुर्ची आणून इंजिनाजवळ ठेवली. मिस्त्री बसले. आणि मग जो तोंडाचा पट्टा सुरू झाला, त्याला तोड नाही. सावकाश ट्रक उत्तम चालवायचा, पण हातात पाना आला की त्याची अवस्था लग्नात हार उलटा धरलेल्या नवरदेवासारखी व्हायची. "तो नव्हे, चौदाचा! अरे, चौदा आणि सतरा यात फरक असतो हे शाळेत नाही शिकवलं?" "नट गंजलाय, त्याला तेल पाज, थांब, मग मागे-पुढे कर. बैलासारखा ओढू नकोस, मोडेल!" सावकाश "हो, हो" करत राहिला. तासाभरात टर्बो उतरला, जुना मॅनिफोल्ड उतरला, आणि इंजिनाचा चेहरा उघडा पडला. उघडी तोंडं मिस्त्रींनी चिंध्यांनी बुजवून घेतली, वर चिंध्या मोजायला लावल्या. सहा. आत गेलेली एक चिंधी टर्बोचा जीव घेते.

मिस्त्रींना मजा येत होती. आणि मजा येत होती म्हणूनच मनात एक काटा सलायला लागला. हमरस्त्यावर एवढं मोठं चकाचक वर्कशॉप आहे. गाडी वर उचलणारी यंत्रं, गणवेश घातलेली माणसं. ते सोडून हा इथे कशाला आला? एका लुळ्या म्हाताऱ्यासमोर बसून शिव्या खायला?

"सावकाश, खरं सांग," ते अचानक म्हणाले. "माझी कीव आली म्हणून आलास ना?"

"छे! छे! कीव कसली?" सावकाश म्हणाला, पण इतक्या घाईने, की जन्मात त्याने कुठली गोष्ट एवढ्या घाईने केली नव्हती. कान लाल झाले. नजर नटावर.

झालं. म्हणजे तेच. रविवारी हत्यारं जाणार हे कुणीतरी याच्या कानावर घातलंय, आणि हा शेवटचा खेळ खेळायला आलाय. त्यांना वाटलं, उठावं आणि हाकलून द्यावा याला. पण इंजिन उघडं होतं, आणि उघडं इंजिन टाकून उठणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"चल, आटप," एवढंच ते म्हणाले. मग शिव्या थांबल्या. शिव्या थांबल्यावर मात्र सावकाश घाबरला.

नवा मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचा होता, एकात एक सरकणारा. तापला की बीड वाढतं, त्याला सरकायला जागा लागते. सहाही चिंध्या मोजून काढल्यावर, फटी बंद करणारी नवी गॅस्केटं लावून मिस्त्रींनी आधी सगळे नट नुसते बोटांनी लावायला लावले. तिन्ही तुकड्यांवर लोखंडी पट्टी ठेवून ते एका रेषेत आलेत का बघितलं. मग मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूंना, एकदा हलका पाना, मग दुसरा फेरा, मग तिसरा. त्यावर टर्बो चढला. शेवटी राहिला टर्बोला खालून आधार देणारा लोखंडी हात, एका टोकाने टर्बोला आणि दुसऱ्या टोकाने इंजिनाला धरणारा.

"त्याचा बोल्ट बोटांनी घाल."

"जातो, पण आधार इंजिनाला टेकत नाही."

"कसा नाही टेकत?" मिस्त्री खुर्चीतून वाकले आणि डावा हात आत घातला. भोक आणि भोक जुळत होतं, पण आधार आणि इंजिन यांच्यामध्ये नखाएवढी फट होती. त्यांनी बोल्ट काढून भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड खरखरीत होती. बॅटरी मारून बघितलं, तर आत पांढरंशुभ्र लोखंड चमकत होतं. ताजं कानसलेलं.

"हे भोक कुणी वाढवलं?"

सावकाश हातातला पाना पुसायला लागला.

"हा आधार तर या इंजिनाचाच नव्हे! मी असला कधीच लावला नाही. सावकाश, इकडे बघ. कुणी लावला?"

सावकाशने पाना खाली ठेवला. ट्रकच्या मागे गेला, ताडपत्रीखालून दोन जड वस्तू काढल्या आणि मिस्त्रींच्या पायाशी ठेवल्या. दोन मॅनिफोल्ड. जवळपास नवे. दोन्ही तिसऱ्या तोंडापाशी तडकलेले, अगदी एकाच जागी.

"तिकडे गेलो होतो. मोठ्या वर्कशॉपात," तो मान खाली घालून म्हणाला. "जुना आधार मोडला, त्यात मॅनिफोल्डही खराब झाला. त्यांनी हा आधार लावला, मॅनिफोल्डही नवा. मॅनिफोल्ड पहिला अठरा दिवस टिकला. दुसरा अकरा दिवस. आज उतरवला तो तिसरा. दर वेळी म्हणाले, मालच खराब."

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला! अरे, आधार आवळून टर्बो खाली खेचला त्यांनी! मॅनिफोल्ड तापला की सरकणार कुठे? तडकणार नाहीतर काय करणार?" मिस्त्री ओरडले. आणि ओरडता ओरडता थांबले. "तीनदा गेलास तिकडे?"

"तीनदा. तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून बोललो नाही. शपथेवर सांगतो, तुम्हाला सोडून नव्हतो गेलो. वाटलं, तुमची तब्येत अशी. कशाला त्रास द्यायचा? सगळेच तसं म्हणतात."

"सगळेच?"

"कुणी बोलून दाखवत नाही हो. पण मिस्त्रींना आराम पडू दे म्हणतात."

मिस्त्री बघतच राहिले. म्हणजे दोन वर्षं जग त्यांची कीव करत होतं ते न येऊन! आणि हा समोरचा गाढव आला होता तो कीव आली म्हणून नव्हे, तर अडला होता म्हणून. त्याचं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं म्हणून. त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट हलायला लागलं, आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं ते काही केल्या थांबेना. डाव्या बाहीने ते पुसत राहिले.

"मिस्त्री, चुकलो. माफ करा," सावकाश घाबरून म्हणाला.

"माफी कसली मागतोस? अरे, देव भलं करो तुझं! तीनदा तडकला म्हणून उपकार झाले माझ्यावर. चार दिवस उशिरा तडकला असता तर—" त्यांनी बाही पुन्हा डोळ्यांना लावली. नाक ओढून एकदम कडाडले, "बघतोस काय? त्या डब्यातून वायसरच्या चकत्या आण. फट भरायची, ओढायचं नाही. वायसर घालून बोल्ट आपसूक बसला पाहिजे, शाळेत न जाणाऱ्या पोरासारखा ढकलायचा नाही!"

तीन वायसर लागले. बोल्ट बोटांनी बसला. मग टर्बोत आधी तेल सोडून घेतलं आणि इंजिन चालू केलं. टर्बोने बारीक शीळ घातली. कुठे टिकटिक नाही, काजळी नाही. विटांनी भरलेला ट्रक घेऊन दोघं गावाबाहेरच्या चढावर गेले. सावकाशच्या शेजारी मिस्त्री, कान इंजिनाकडे. चढाच्या वर पोचल्यावर सावकाश म्हणाला, "गिअर उतरवावाच लागला नाही!" मिस्त्रींनी त्याच्या पाठीत डाव्या हाताने एक धपाटा घातला. शाबासकीचं त्यांना तेवढंच जमायचं. पण या खेपेला त्यांनी तोंडानेही म्हटलं, "बरं केलंस, आलास."

परत येऊन इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. मग पुन्हा बाराही नटांवर पाना, त्याच क्रमाने. निघताना मिस्त्रींनी बजावलं, "पंधरा दिवसांनी ये. पुन्हा एकदा पाना फिरवावा लागेल. आणि येताना त्या तुमच्या 'सगळ्यांना' सांग, मिस्त्रींना आराम पडला. पुरे झाला."

ट्रक गेल्यावर ते खुर्चीतून उठले नाहीत. हत्यारांच्या भिंतीकडे बघत बसले. बायको कपबशा उचलायला आली.

"अगं," ते म्हणाले, "जावयांना फोन लाव. म्हणावं, रविवारी टेम्पो आणू नका."

तिने कपबशा तिथेच खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि फोन लावला. दोन शब्द ख्यालीखुशालीचे झाले.

"नाही हो, रविवारी येऊ नका," ती म्हणाली. "ह्यांना काम आहे."

पलीकडे सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरीही तिने ते आणखी एकदा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. "काम आहे ह्यांना!"