चमचाभर घाम

"देव प्रकट होईल तेव्हा होईल, माझी एक चप्पल आधीच अंतर्धान पावलीय," नूरजहाँभाभी माझ्या कानाशी पुटपुटली. "अन् हे कोपर कुणाचं ते बघ गं, मघापासून बरगडीत घुसलंय."

कोपर माझंच होतं, पण काढून घ्यायला जागा नव्हती. कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या बिल्डिंगचं तळघर माणसांनी ठासून भरलं होतं. एरवी तिथं मोडके सोफे आणि टाकून दिलेले एसी पडलेले असत. त्या दिवशी एका उलट्या एसीवर लाल कापड टाकून शीतलामाईची स्थापना झाली होती, आणि बाजूला शत्रुघ्न मांडी घालून बसला होता.

सप्टेंबर १९९० ची ही गोष्ट. इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले त्याला महिना उलटून गेला होता. शाळा बंद, ऑफिसं बंद, नाक्यानाक्यावर शिपाई. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची बस निघायची होती. बसरा, बगदाद, आणि मग वाळवंट ओलांडून जॉर्डनची सरहद्द. पुढे गेलेल्यांचे निरोप येत होते की सरहद्दीवर माणसं उन्हात दिवसचे दिवस पडून आहेत, पाण्याच्या टँकरवर हाणामाऱ्या होतात. आम्ही ते ऐकायचो आणि बॅगा भरायला लागायचो.

शत्रुघ्न आधी शुवैखमधल्या कुठल्याशा वर्कशॉपात स्टोअर सांभाळायचा. रणगाडे आले आणि ह्याच्या अंगात माय आली. आता त्याने स्टीलचा पेला हातात घेतला. नळाचं पाणी, म्हणजे गरमच, कारण तिथं गच्चीवरच्या टाकीतून उन्हाळाभर चहासाठी निम्मं तापलेलं पाणी येतं. त्यात लाल पुडीतली मूठभर पांढरी पूड टाकली, चमच्याने ढवळली, डोळे मिटले.

"माय म्हनती, बाहेर किती बी भट्टी पेटू द्या, माज्या लेकरांच्या पोटात मी हाय," तो घुमू लागला. "पाण्याची ओझी कशापायी वाहता? जो पाणी मोजतो, त्याचा मायवर भरवसा न्हाई."

पेल्याला बाहेरून दव धरलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात लावून पाहिला आणि कपाळाला लावला. गार, अगदी माठातल्यासारखा.

तरी अर्धे लोक संशयातच होते. त्यांना जिंकलं ते प्रभाकररावांनी. हे वीज कंपनीतले इंजिनियर, दूरच्या मंगफ भागातला फ्लॅट सोडून बायको रेखा आणि तीन वर्षांची नेहा यांच्यासह आमच्या शेजारी राहायला आलेले. शर्टाच्या खिशातून त्यांनी थर्मामीटर काढला, पेल्यात बुडवला आणि कोरड्या आवाजात सांगितलं, की आधी चौतीस होतं, आता बावीस आहे. बर्फ नाही, मशीन नाही. बारा अंश उतरले.

झालं. इंजिनियर म्हणतो म्हटल्यावर मायला सर्टिफिकेटच मिळालं. तळघरातच ठरलं की बसच्या टपावर निम्मेच पाण्याचे कॅन घ्यायचे आणि त्या जागी शत्रुघ्नच्या प्रसादाच्या दोन लोखंडी पेट्या चढवायच्या. ठरवताना लोकांचे चेहरे उजळले, कारण कॅन कमी झाले की आपल्या एकेका बॅगेलाही जागा होत होती. कुणाचा मिक्सर, कुणाची शिवणाची मशीन, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी घेतलेल्या साड्या. माझीही एक बॅग होती. मीही गप्प राहिले.

वर आले तर शेजारच्या दारातून ओकारीचा आवाज. रेखा मोरीशी नेहाला धरून बसली होती. पोरीला दोन दिवस ताप होता, हे मला ठाऊक होतं. ओकाऱ्या कालपासून सुरू झालेल्या.

"काही नाही ताई," रेखा म्हणाली. "उष्णता बाहेर पडतेय. ते म्हणाले होते, पडेल म्हणून."

"कोण म्हणाले?"

तिने दुधाच्या बाटलीकडे पाहिलं. बाटलीत पाणी होतं आणि गळ्याशी पांढरी पूड चिकटलेली. शत्रुघ्नने परवाच पुडी देऊन सांगितलं होतं, दर वेळी दोन चिमट्या, ती म्हणाली. प्रवासाआधी मुरला पाहिजे म्हणे प्रसाद. मी नेहाचा हात धरला. ओठांना पापुद्रे, आणि हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला वेळ लावत होती. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी भांडले नाही. घाबरलेल्या आईशी भांडून काही होत नाही, ती मूल आणखी घट्ट धरते. मी म्हटलं, बाटली जरा विजयाबाईंना दाखवून आणते, तोवर तिला साधं पाणी, साखर आणि मीठ घालून, चमच्याचमच्याने दे. रेखा बाटली सोडेना. मग नेहाला पुन्हा उमासा आला आणि बाटली तिच्या हातातून आपोआप सुटली.

विजयाबाई माझ्याच पुढच्या खोलीत होत्या. शाळा बंद पडल्यापासून त्या तिथं अकरावीच्या सात-आठ मुलांना केमिस्ट्री शिकवत. बाहेर गोळ्यांचा आवाज आला की खिडकी लावायची आणि पुढचं गणित घ्यायचं, असा त्यांचा खाक्या. मी भाज्या निवडता निवडता दारातून ऐकत असे आणि असं ऐकूनच बरंचसं शिकले. त्या आठवड्यात कॅलरीमेट्री चालली होती. गरम वस्तूने जेवढी उष्णता दिली तेवढी गार वस्तूने घेतली, कुठे हरवत नाही, फक्त हिशेब नीट लावायचा. प्रयोगशाळेचं उपकरण नव्हतं म्हणून थर्माकोलचे चहाचे कप एकात एक घालून वापरत.

माझी मुलगी प्रणिता त्या दिवशी गणित सोडवून दाखवत होती आणि बाई तिला झापत होत्या. उष्णता किती असं विचारलं आहे आणि तू उत्तर अंशांत लिहितेस? अंश म्हणजे तापमान. ते किती पाण्याचं, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. उकळत्या पाण्याचा एक पेला आणि कोमट पाण्याची बादली, दोन्हींत जास्त उष्णता बादलीत असते. "ही चूक तू करशील तर चालेल," त्या म्हणाल्या. "परीक्षा कधी होईल कुणास ठाऊक. पण पुन्हा कर."

मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली आणि नेहाचं सांगितलं. त्यांनी वास घेतला. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि लगेच रुमालात थुंकल्या. खारट, झोंबणारं. मग त्यांनी मला एकच विचारलं, नूरजहाँ पान खाते ना अजून?

चुन्याची डबी घेऊन नूरजहाँभाभी स्वतःच आली. बाटलीच्या गळ्याची पूड तळहातावर घेऊन बाईंनी त्यात चुना मळला आणि हात माझ्या नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणीच आलं. धोब्याकडच्या हौदासारखा, बंद मुतारीसारखा वास.

"नवसागर," त्या म्हणाल्या. "कल्हईवाले वापरतात तो. पाण्यात विरघळताना तो पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो. एवढाच चमत्कार. आणि पोटात गेला की उलट्या."

शुवैखचं ते वर्कशॉप हॉटेलांच्या पातेल्यांना कल्हई करायचं, हे नूरजहाँभाभीला ठाऊक होतं. तिच्या मुलाने, मुबीनने, तिथं डिलिव्हरी केली होती. आम्ही तिघी जिन्याकडे धावलो. बसच्या टपावर आधी चढवलेले कॅन उतरवायचं काम खाली सुरू झालंच होतं.

तळघरात गेलो तेव्हा शत्रुघ्न पेट्यांना हळदकुंकू लावत होता. विजयाबाईंनी आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यासमोर उभ्या राहतात तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही मायचं दर्शन हवंय, पेला पुन्हा एकदा करा. प्रभाकररावांना थर्मामीटर लावायला सांगितला. पाणी नेहाच्या बाटलीवरच्या खुणांनी मोजलं, दोनशे मिली, म्हणजे दोनशे ग्रॅम. पूड पडली. चौतीसवरून बावीस. लोकांनी माना डोलावल्या.

"आता पेला तिथंच राहू द्या," बाई म्हणाल्या. "आपण बोलू."

मग त्या हिशेब बोलून दाखवू लागल्या, प्रणिताला सांगतात तसा, पायरीपायरीने. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. इथं दोनशे ग्रॅम, बारा अंश. म्हणजे चोवीसशे कॅलरी. मायने मूठभर पूड खर्चून एवढी उष्णता काढली. आता आपलं अंग स्वतःला गार कसं करतं? घामाने. एक ग्रॅम घाम वाळताना जवळपास पाचशे ऐंशी कॅलरी घेऊन जातो. भागाकार करा. चार ग्रॅम आणि थोडं.

"चहाचा चमचाभर घाम," बाई म्हणाल्या. "मायचा अख्खा पेला जेवढं काम करतो, तेवढं चमचाभर घाम करतो. फुकट, आणि उलटी न करता. पण घाम यायला अंगात पाणी लागतं. ते तुम्ही खाली उतरवताय."

शत्रुघ्न उठून उभा राहिला. त्याचा आवाज आता घुमत नव्हता, खाली आला होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. तो म्हणाला की मायची परीक्षा घेतली गेली आहे. वाटेत कुणाचं लेकरू दगावलं तर त्याचं पाप ह्या मास्तरीणबाईच्या माथी. आणि पहिलं लेकरू कुणाचं जाणार हे दाखवायला त्याने हात लांब करून नेमकं रेखाकडे बोट दाखवलं. ती जिन्याच्या तळाशी नेहाला खांद्यावर घेऊन उभी होती. माणसं रेखापासून अर्धा पाऊल मागे सरकली. मी पाहिलं ते. रोज जिच्याकडे साखर मागायला जायच्या त्याच बायका.

बाईंकडे बघावं की लाल कापडाकडे, रेखाला कळेना. तिचा हात कापडाच्या दिशेने उचलला गेला.

तेव्हा नूरजहाँभाभी गर्दीतून पुढे घुसली. तळहातावर चुना, त्यात तिने लाल पुडीतली चिमूट मळली आणि हात पहिल्या रांगेच्या नाकाखालून फिरवत गेली. "हुंगा, हुंगा. देवीला असा वास असतो होय? पातेली घासायचा नवसागर आहे हा, आणि तुम्ही पोरीला पाजताय." बायका खोकू लागल्या, पदर नाकाला गेले. रेखाने तो हात स्वतःच्या नाकाशी दोनदा नेला. मग नेहाचं तोंड आपल्या पदराने पुसू लागली, पुन्हा पुन्हा, जणू आतूनच पुसायचं होतं.

"पेट्या उघडा," बाई म्हणाल्या.

शत्रुघ्न पेटीवर बसला. प्रसाद उघडा करता येत नाही, म्हणाला. दोघा-तिघांनी त्याला बाजूला केलं. वरचा थर लाल पुड्यांचा. खाली कॅमेरे, घड्याळं, काही तर दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठ्या लटकत असलेली. लुटीचा माल नाक्यावर सापडला तर तिथंच गोळी घालतात, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. पेट्या आमच्या बसवर चढणार होत्या, आमच्या मुलांच्या डोक्यावर.

शत्रुघ्न कधी निघून गेला ते कळलंही नाही. त्याला कुणी अडवलं नाही, आणि कॅन परत चढवायलाही कुणी पुढे झालं नाही. लोक आपापल्या बॅगांशी उभे होते. कुणीतरी म्हणालं, बरं झालं वाचलो. कुणीतरी म्हणालं, आता बघू, निम्मे कॅन आहेतच की.

विजयाबाईंनी पेल्यातून थर्मामीटर काढला आणि प्रभाकररावांच्या हाती दिला. अठ्ठावीस दाखवत होता. आपल्या बोलण्याएवढ्या वेळात माय निम्मी उतरली होती.

"श्रद्धा कुणाची काढून घ्यायला मी आले नाही," बाई म्हणाल्या. "पण जे एकदा मोजलंत ते दुसऱ्यांदाही मोजा. इंजिनियर आहात, प्रभाकरराव. तुम्ही थोड्या वेळाने पुन्हा का मोजलं नाहीत?"

प्रभाकरराव थर्मामीटरकडे बघत होते. आपल्याकडे नजर आहे हे त्यांना कळत होतं. रेखाचीसुद्धा.

"मोजलं होतं," ते म्हणाले. "मघाशीच, सगळे वर गेल्यावर. एकोणतीस झालं होतं. क्षार आहे हे मला कळलं होतं. बाटलीतलं ठाऊक नव्हतं, रेखा, शपथ."

"मग बोलला का नाहीत?" रेखाने विचारलं.

"बोललो असतो तर पुढचा हिशेब सगळ्यांनी मागितला असता. पाणी किती लागेल. तोही मी केला होता, आणि तो तोंडावर आणायची मला हिंमत झाली नाही." त्यांनी थर्मामीटर खिशात ठेवला. "आधी ठरले होते तेवढे सगळे कॅन घेतले तरी पुरत नाही. मशीन, साड्या, आपली सगळ्यांची एकूण एक बॅग इथंच टाकली आणि टपावर फक्त पाणी घेतलं तर पुरतं. नाही घेतलं तर आपल्यातलं कुणीतरी वाटेत मरणार आहे. आणि सुरुवात आमच्या नेहापासून होईल."