नवख्यांसाठी सोपं काम

तिने बटण दाबलं आणि लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. आता तासभर तरी हातावर हात ठेवून बसायचं. कंपायलरचा सगळा पसारा आपल्या मशीनवर पहिल्यांदा बांधून चालता करायचा म्हणजे निम्मं काम वाट बघण्याचंच असतं, हे नवख्यांसाठीच्या सूचनांच्या लांबलचक पानावर कुणी लिहिलं नव्हतं. वाट बघण्याची तिला सवय होती, म्हणून तिचं काही अडलं नाही.

टेबल तिने सासूबाईंच्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्यांचा लोखंडी पलंग भाड्याचा होता, तो परत गेला. भेटायला आलेली माणसं "सुटल्या बिचाऱ्या" म्हणत आणि मग तिच्याकडे बघत. तूही सुटलीस, असं त्यांना म्हणायचं असे, पण जिभेवर ताबा होता. तिला त्यांचा राग येई, कारण ते खरं होतं.

नोकरीसाठी ती एका कंपनीत जाऊन आली होती. तिथल्या बाईंनी कागद वरखाली बघितला.

"मधली सहा वर्षं रिकामी दिसतायत."

"रिकामी नव्हती हो. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या."

"ते ठीक आहे. पण अलीकडचं, दाखवण्यासारखं काही? एखाद्या खुल्या प्रकल्पात थोडं काम करा. महिनाअखेरीला आमचे साहेब पुन्हा माणसं बघणार आहेत, तेव्हा या."

म्हणून हा कंपायलर. कंपायलर म्हणजे दुभाषाच. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राला कळेल असा करून देतो. कॉलेजात तिला या एकाच विषयाची मनापासून गोडी लागली होती. आणि हा कंपायलर तर ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून फुकट लिहीत होती.

"म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या," नवरा म्हणाला.

"असू देत. भाजता येतात का, ते तरी कळेल त्या कंपनीवाल्यांना."

प्रकल्पाची रीत अशी, की काही सोप्या कामांवर "नवख्यांसाठी" अशी चिठ्ठी लावलेली असे. त्यातलं एक निवडायचं आणि खाली "मी घेऊ का?" असं विचारायचं. सोपी म्हणवणारी ही कामं मिळणं मात्र मुळीच सोपं नव्हतं. ती विचारेपर्यंत कुणीतरी आधीच हात मारलेला असे. शेवटी एकच उरलं, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. एका जुनाट चिपसाठी लिहिलेल्या भागात एक चाचणी नापास होत होती. ती चिप म्हणे जुन्या लिफ्टमध्ये आणि पाण्याच्या पंपांत असते, आणि आता कुणी बनवत नाही.

तिने विचारलं. नवखी माणसं करतात तसं गरजेपेक्षा जास्तच लिहिलं: घरच्या आजारपणामुळे काम सुटलं होतं, महिनाअखेरीला मुलाखत आहे, वगैरे. पाठवल्यावर तिची तिलाच लाज वाटली. उत्तर आलं ते नावाशेजारी कासवाचं चित्र असलेल्या माणसाकडून.

"घ्या. घाई असली तरी घाई करू नका."

सगळे त्याला कासवच म्हणत. चिपचा तो भाग त्यानेच लिहिला होता आणि इतकी वर्षं एकट्याने सांभाळला होता. तिची दुरुस्ती होती जेमतेम चार ओळींची, पण कासवाने ती पुन्हापुन्हा परत पाठवली. नाव असं का ठेवलंत? ही चाचणी नेमकं काय पकडते? कारण लिहा, उद्या वाचणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही.

"यापेक्षा सासूबाई बऱ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या निदान दुपारी झोपायच्या."

दोघंही हसले, आणि मग दोघांनाही हसल्याचं वाईट वाटलं.

एकदा कासवाने आपणहून लिहिलं, "तुटक लिहितो म्हणून रागावू नका. डोळे जात चाललेत. अक्षरं फार मोठी करून वाचावी लागतात." त्यानंतर तिने कुरकुर केली नाही. तीही आपली उत्तरं आखूड लिहायला लागली.

एका दुपारी चार ओळी स्वीकारल्या गेल्या. तिच्या नावापुढे हिरवी खूण आली. ती खुर्चीतून उठली, खोलीत एक चक्कर मारली. सांगायला घरात कुणी नव्हतं. एरवी यावेळी तिने सासूबाईंना उठवून बसवलं असतं आणि काहीबाही सांगितलं असतं. त्यांना कळो न कळो. त्यांची आठवण येऊन तिला रडू फुटलं, तेव्हा तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

त्याच आठवड्यात प्रकल्प चालवणाऱ्यांची सूचना आली. डोळ्यांमुळे कासव थांबत आहेत. ज्या भागाला सांभाळणारं माणूस नाही तो पुढच्या आवृत्तीत ठेवायचा नाही, असा नियम आहे. कुणाला जबाबदारी घ्यायची असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं.

आभारांचा पाऊस पडला. आभार मानायला कुणाचं काय जातं? कासवाचं काम किती मोलाचं, कासव होता म्हणून आम्ही शिकलो, असं लोक लिहीत राहिले. मी घेतो, असं मात्र कुणी लिहिलं नाही. अलीकडे त्या भागाला कासवाखेरीज एकाच माणसाचा हात लागला होता, आणि तो कुणाचा हे तिला पुरतं ठाऊक होतं. कासवालाही होतं. त्याने तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.

"घे ना मग," कपड्यांच्या घड्या घालता घालता नवरा म्हणाला. "तुला जमतंय."

"सांभाळायचं म्हणजे काय, ते तुला माहीत नाही."

"असं काय बोलतेस? माझी आई होती ती."

"आई तुझी होती. घरी मी होते."

त्याच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग त्याने तो सावकाश घडी घालून ढिगावर ठेवला आणि कपडे घेऊन आत गेला.

शुक्रवारी तिने "मी बघते" असं लिहिलं. पाठवलं नाही, बसून राहिली. तक्रारी येतील, नव्या आवृत्त्या येतील, रात्री-अपरात्री काहीतरी मोडेल, आणि दुसरं कुणी नाही म्हणून ते आपल्याच गळ्यात पडेल. एकदा हो म्हटलं की सुटका एकाच तऱ्हेने होते, हे ती बघून बसली होती. तिने एकेक अक्षर पुसलं, लॅपटॉप मिटला आणि पाणी भरायला गेली.

सोमवारी नवं काम दिसलं: जुन्या चिपचा भाग काढून टाकणे. ते कासवाने स्वतःच नोंदवलं होतं आणि त्यावर चिठ्ठी लावली होती, "नवख्यांसाठी". खाली तिला उद्देशून दोन ओळी होत्या.

"तुमची मुलाखत जवळ आली असेल. काम मोठं दिसतं पण सोपं आहे, ते तुमच्या नावावर लागू दे. दुसऱ्या कुणी काढलं तर अर्धंमुर्धं मागे राहील."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने "घेते" असंच लिहिलं.

काढायला दोन दुपारी लागल्या. एकेक फाइल उघडून, तिचा बाकी कशाशी संबंध आहे ते बघून, मग पुसायची. जागोजागी कासवाच्या टिपा होत्या. इथे चिप चुकीचं उत्तर देते, तिला सांभाळून घ्या, अशा. तिने त्या वाचल्या आणि काढल्या. मधेच कधीतरी तिच्या स्वतःच्या चार ओळी आल्या, त्याही गेल्या. शेवटी सगळ्या चाचण्या चालवल्या. एकही नापास झाली नाही. कुणाचं कुठे काही अडलंच नाही.

चार ओळींसाठी जीव नकोसा करणाऱ्या कासवाने हे सगळं एका झटक्यात मंजूर केलं. "छान," एवढंच लिहिलं. त्याने एखादी तरी चूक काढावी म्हणून ती संध्याकाळपर्यंत बघत राहिली.

मुलाखतीत साहेबांनी तिचं काम पडद्यावर उघडलं आणि भुवया उंचावल्या.

"बापरे! हजारो ओळी उडवल्यात की तुम्ही."

"हो."

"कशासाठी?"

"तो भाग सांभाळायला कुणी पुढे आलं नाही."

"एवढ्या सगळ्या माणसांत कुणीच नाही?"

तिने साहेबांकडे बघितलं. ते सहज विचारत होते.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

"चालायचंच. पण काय सफाईने काढलंय! कुठे मागमूस नाही. आमच्याकडे असं कुणाला जमत नाही." ते खुशीत उठले. "येत्या सोमवारपासून याल?"

"येईन."

साहेबांनी हात पुढे केला. तिने आपला हात रुमालाला पुसला आणि मग पुढे केला.