चौथी खिडकी

तिनं हँडल खाली ओढलं, मनात तीन आकडे मोजले आणि सोडलं. सोनेरी फॉइल कागदापासून चर्र करत सुटली. तिनं कार्ड उजेडात नेलं, तिरकं धरलं आणि एक शिवी हासडली. साधी नव्हे, चांगली छापखान्यातली.

कार्डाला घराचा आकार होता. छप्पर, धुराडं आणि समोरच्या भिंतीला चार खिडक्या. खिडक्या डायच्या पात्यानं आरपार कापलेल्या. नावं आतल्या पानावर छापायची; कार्ड मिटलं की एकेक नाव आपापल्या खिडकीतून बाहेर बघतं, अशी गंमत. पहिल्या खिडकीत ‘बाबा’, दुसरीत ‘आई’, तिसरीत नवऱ्याचं नाव. तिन्ही ओतल्यासारखी. चौथीत तिचं स्वतःचं नाव, आणि ते फुटलेलं. शिरोरेघ मधोमध तुटलेली, दुसऱ्या अक्षराचा काना गायब, चौथ्याला पोटच नाही.

सकाळपासूनचं हे अकरावं कार्ड. अकराही एकाच जागी फुटलेली.

वर्ष संपत आलं की हे घर लोकांना सुट्ट्यांची कार्डं करून द्यायचं, आणि सगळ्यांची झाली की शेवटी स्वतःचं. ते गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना, सगळ्यांना जायचं. मागच्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हा घरची कार्डं छापून झाली होती. चौथी खिडकी रिकामी गेली. तिच्या आईनं ते कार्ड बघून फोनवर फक्त विचारलं होतं, “तुझं नाव कुठं गं?” यंदा आईनं कार्डासाठी टीव्हीशेजारची जागा पुसून ठेवली होती.

घरात तिला ‘नवी’ म्हणत. लग्नाला वर्ष होत आलं होतं. वर्षभरात चप्पल झिजते, कुकरची रिंग दोनदा बदलते. ही मात्र नवीच. लग्नाआधी सहा वर्षं तिनं एका छापखान्यात खिळे जुळवले होते. पितळेची उलटी अक्षरं ती सुलट्यापेक्षा भरभर वाचायची. त्यामुळे चूक कुठं शोधायची हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं हीटर एकशे दहावरून एकशे वीसवर नेला. फॉइलचा रोल बदलला. खिळे काढून स्पिरिटनं पुसले, पुन्हा बसवले. तीनऐवजी पाच आकडे मोजले.

बारावं कार्डही तसंच आलं.

नवरा दारात उभा राहून सफरचंद खात होता.

“झालं का? पाकिटांवर पत्ते टाकून बसलोय मी.”

“माझं नाव फुटतंय.”

त्यानं कार्ड लांबूनच बघितलं. “वाचता येतंय.”

“तुझं असं आलं असतं तर?”

“माझं आलं नाही ना तसं.” तो हसला. त्यात वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. “चौथ्या खिडकीत फूल टाक एक. फुलाचा ठसा आहे तिकडे. छान दिसेल.”

“मग तिसरीत कोबी टाकते.”

“टाक,” तो म्हणाला आणि सफरचंदाचा चावा घेत निघून गेला. त्याला खरंच चाललं असतं. ज्याचं नाव कधी पुसलं गेलेलं नसतं त्याला कोबीही चालतो.

सासूबाई कधी आत आल्या ते कळलं नाही. त्या नेहमी अशाच येत. आधी माणूस, मग साडीची सळसळ. त्यांनी बारा कार्डं हातात घेतली, पत्त्यांसारखी पसरली, आणि प्रत्येकावरच्या फुटक्या नावावरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावर नवल नव्हतं.

“मशीनला शिव्या देऊन काय होणार बाई. मशीनला कान नाहीत.”

“जागा खराब झालीय आई. तिथं दाबच बसत नाहीये.”

“बसतो.”

सासूबाईंनी खिळ्यांचा खण ओढला. बघायचीही गरज पडली नाही. कोपऱ्यातल्या कप्प्यातून त्यांनी दोन खिळे काढले. दोऱ्यानं एकत्र बांधलेले, इतरांपेक्षा झिजून गुळगुळीत झालेले. दोरा सोडला, नवीच्या नावाचे चार खिळे चिमट्यानं उचलून तव्यावरची भाकरी काढावी तशा सहज बाजूला ठेवले, आणि ते दोन तिथं बसवले. तापू दिले. हँडल ओढलं. मोजलंही नाही.

फॉइल आवाज न करता सुटली.

चौथ्या खिडकीत दोन अक्षरी नाव आलं होतं. काठापासून काठापर्यंत भरलेलं, ओलं वाटावं इतकं चकचकीत. बाकी तीन नावं त्याच्याशेजारी फिकी वाटत होती.

नवीला ते नाव ओळखीचं होतं. भिंतीवर जुन्या वर्षांचे नमुने टाचलेले होते, त्यातल्या पाचांवर हेच होतं. नवऱ्याची पहिली बायको. पाच वर्षं या घरात नांदली आणि एका दुपारी, कपडे वाळत असताना, निघून गेली. भांडण नाही, चिठ्ठी नाही.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “मशीन ठीक आहे.”

“मी तिचं नाव घालू?”

“लोकांच्या डोळ्यांत बसलंय ते. कोण विचारत बसलंय? एकशेवीस कार्डं आहेत, दुपार झाली.” मग जरा थांबून, हळू आवाजात: “त्रास होत नाही गं. पहिलं वर्षच काय ते.”

त्या चहा टाकायला गेल्या. नवी ते कार्ड घेऊन उभी राहिली. तिला भीती वाटली ती नावाची नव्हे. भीती वाटली ती कामाची समज असल्यामुळे. एकाच जागी वर्षानुवर्षं तीच अक्षरं दाबली की खालची गादी तिथं खचते. खचलेल्या जागी दाब कमी पडतो. तिचं नाव फुटत होतं ते त्यामुळेच, हे आता कळलं. पण मग ते जुनं नाव त्याच खड्ड्यात सगळ्यात फिकं यायला हवं होतं. ते भरून आलं होतं. खालून कुणी वर ढकलल्यासारखं.

तिनं हीटर बंद केला, मशीन निवू दिलं आणि खालची चौकट उघडली.

गादी म्हणजे वर एक पुठ्ठा आणि त्याखाली वर्तमानपत्रांचे कागद, कडांना खळ लावून एकावर एक चिकटवलेले. दर दोन-चार वर्षांनी वरून नवा कागद चढवायचा आणि नावांची जागा धरायला पहिला ठसा थेट त्या कागदावरच मारायचा, अशी या घरची रीत. तिनं पुठ्ठा उचलला. सुरी घेतली आणि कडा सोडवत गेली.

पहिल्या कागदावर चार सोनेरी नावं. चौथ्या जागी ते दोन अक्षरी. तारीख चार वर्षांपूर्वीची. पहिली तेव्हा इथंच होती. ठीक.

दुसरा कागद. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. चौथ्या जागी तेच नाव.

सुरी थांबली. अकरा वर्षांपूर्वी नवरा कॉलेजात होता. पहिली अजून या घरात आलीच नव्हती.

तिला एकदम पहिलीच्या घटस्फोटाचे कोर्टाचे कागद आठवले. लग्नाआधी तिच्या मामानं मागून घेतले होते. त्यांत पहिलीचं नाव वेगळं होतं, चांगलं पाच अक्षरी. तिनं तेव्हा विचारलं होतं, आणि नवरा म्हणाला होता, “ते कागदावरचं. घरात दुसरं होतं.”

तिसरा कागद, एकोणीस वर्षांपूर्वीचा. चौथा, सव्वीस. पाचवा, चौतीस वर्षांपूर्वीचा. नवरा पाळण्यात असेल. कागद तपकिरी झाला होता, बातम्या वाचण्यापलीकडे गेल्या होत्या. तिसऱ्या जागी इथं सासऱ्यांचं नाव होतं आणि त्याच्या मागे पुसट दाबलेलं आणखी कुणा पुरुषाचं. तिथं बापाची, मुलाची, आजोबाची नावं एकमेकांवर बसून चिखल झाला होता, आणि तरी वर नवऱ्याचं नाव कुठं अडखळलं नव्हतं. चौथ्या जागी चिखल नव्हता. तिथं एकच नाव होतं, सुबक, खोल. कागदांच्याही खाली, चौकटीच्या लोखंडाला डकवलेल्या कापडावर, सोनं उडालेलं पण बोटाला लागणारं तेच नाव होतं.

तिनं सगळी चळत उचलली. कापडही ओरबाडून काढलं. लोखंड उघडं पडेपर्यंत घासलं. नखं काळी झाली. मग कोरा, करकरीत पुठ्ठा कापून बसवला, आपले चार खिळे परत जागी लावले, एकशे दहा अंशांची वाट बघितली आणि हँडल ओढलं.

एक. दोन. तीन.

तिचं नाव आलं. अखंड शिरोरेघ, काना सरळ, चौथ्या अक्षराचं पोट गोल. तिनं ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं, बालवाडीतल्या मुलासारखं. कार्ड मिटलं. चौथ्या खिडकीतून ती बाहेर बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. स्वतःचं नाव छापून आलं म्हणून कुणी रडतं का?

बाहेरच्या खोलीत बापलेक पाकिटं भरत बसले होते. तिनं कार्ड सासऱ्यांच्या हातात दिलं.

“वाचा.”

सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. त्यांना समारंभ आवडायचा. कार्ड हातभर लांब धरून ते पुकारल्यासारखे वाचू लागले. “बाबा. म्हणजे अस्मादिक. आई. म्हणजे आमच्या मालकीणबाई.” मग मुलाचं नाव. आणि मग, न थांबता, न अडखळता, त्याच आवाजात, ते दोन अक्षरी नाव.

“छान आलंय,” ते म्हणाले. “सोनं चांगलं बसलंय यंदा.”

ती हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. “बाबा, नीट बघून वाचा.”

“बघूनच वाचलं ना. चष्मा आहे डोळ्यावर.”

तिनं कार्ड घेऊन नवऱ्यापुढे धरलं. त्यानं चौथ्या खिडकीवर बोट ठेवलं, बोट अक्षरांखालून चारदा पुढे सरकवलं, आणि तोंडानं दोन अक्षरं म्हणाला.

“बरोबर आहे की. मगाचं फुटलेलं काय झालं?”

त्याच्या डोळ्यांत खोट नव्हती. तिनं शोधली. नव्हतीच.

ती मशीनच्या खोलीत परतली तेव्हा सासूबाई केर काढत होत्या. डायमधून पडलेल्या खिडक्यांचे शेकडो पांढरे चौकोन केरसुणीपुढे सरकत होते. कोपऱ्यात सोलून काढलेल्या कागदांची चळत होती. ती त्यांनी उचलली, घडी केली, टोपलीत ठेवली. मग नवीच्या हातातलं कार्ड घेतलं, उघडलं, आणि चौथ्या जागी छापलेलं नवीचं खरं नाव हळूच, पण पूर्ण वाचलं. चारही अक्षरं.

नवी स्टुलावर बसली.

“तुम्हाला दिसतं.”

“मला दिसणारच.” सासूबाई समोरच्या स्टुलावर टेकल्या. “मीपण गादी बदलली होती. पहिल्याच वर्षी. रात्रभर खळ भिजवून कागद सोडवले. माझ्या सासूबाईंनीच नंतर नवे चढवून दिले.”

“तुमचं नाव काय होतं?”

त्यांनी सांगितलं. सांगायच्या आधी ओठ एकदा नुसतेच हलले, बरेच दिवस न उघडलेल्या कुलपात किल्ली फिरवून बघावी तसे. छान नाव होतं. नवीनं ते उच्चारून बघितलं, आणि सासूबाई तोंडावर हात ठेवून मुलीसारख्या हसल्या.

“आणि पहिली?”

“ती पाच वर्षं रोज मला तिचं नाव म्हणून दाखवायची. भांडी घासताना. विसरायला नको म्हणून. मग एक दिवस म्हणाली, आई, तुम्ही म्हणा ना, मला आठवत नाहीये. मी म्हटलं. त्याच दुपारी गेली.” त्यांनी मांडीवरचे कागदाचे कपटे झटकले. “बरं केलं.”

“पण हे नाव आहे कुणाचं?”

“काय माहीत बाई. मी आले तेव्हा होतंच.”

मशीनचा हीटर टकटक करत निवत होता. नवीनं कार्ड परत घेतलं, मांडीवर उघडं धरलं आणि आपल्या नावावर अंगठा ठेवला. सोनं अजून कोमट होतं. जायला हवं, असं तिला वाटलं. आजच, पिशवीत चार कपडे टाकून, आईनं पुसून ठेवलेल्या जागेपर्यंत. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. त्यांनी मानेनं दाराकडे खूण केली. मागच्या दाराकडे.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली. चहाचे कप न्यायला असेल, की डिंकाची बाटली आणायला. ते दोन अक्षरी नाव, हाकेत असतं तसं शेवटी लांबवलेलं.

“आले,” दोघी म्हणाल्या, आणि एकदमच उठल्या.